मुका बिघाड : सीट बेल्टचा सेन्सर, ‘रिकॉल’ आणि आपल्याकडच्या गाड्या

गाडीतले बहुतेक बिघाड स्वतःच ओरडून सांगतात. ब्रेक झिजले की घासल्याचा आवाज येतो, क्लच गेला की गाडी चढाला दम टाकते, रेडिएटर गळला की काटा वर चढतो. मालक मेकॅनिककडे जातो आणि काम होते. सीट बेल्टच्या सेन्सरचे तसे नाही. तो बिघडला तरी गाडी तशीच पळते, मायलेज तेच राहते, एसीही थंड करतो. बिघाड कळतो तो धडकेच्या क्षणी, आणि तेव्हा दुरुस्तीची वेळ निघून गेलेली असते. म्हणूनच अशा दोषासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणे, म्हणजे ‘रिकॉल’, ही व्यवस्था आहे. ती नांदेड-लातूरसारख्या जिल्ह्यांतल्या गाडीमालकापर्यंत पोचते का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

सेन्सर नेमके काय करतो?

चालकाच्या शेजारच्या सीटला साधारण दोन प्रकारचे सेन्सर असतात. पहिला बक्कलमध्ये. बेल्टची पट्टी ‘खट्’ करून आत बसली की तिथले छोटे बटण किंवा चुंबकावर चालणारा स्विच संदेश देतो : बेल्ट लागला. दुसरा गादीखाली. दाबाने काम करणारी पातळ चटई किंवा सीटच्या सांगाड्यातले वजनमापक सांगतात : इथे कोणीतरी बसले आहे. माणूस आहे आणि बेल्ट नाही, असे दोन्ही संदेश जुळले की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो आणि ‘टुंग टुंग’ सुरू होते. सीटवर भाजीची जड पिशवी ठेवली तरी गाडी ओरडते, ते याचमुळे.

आपल्या देशात १ जुलै २०१९पासून तयार होणाऱ्या मोटारींत चालक आणि शेजारचा प्रवासी या दोघांसाठी ही सूचना सक्तीची झाली. पण आवाज करणे एवढेच सेन्सरचे काम नाही. अनेक गाड्यांत हीच माहिती एअरबॅगच्या कंट्रोलरकडे जाते. धडक बसताच, डोळ्याची पापणी लवायच्या आत, या कंट्रोलरला ठरवायचे असते की एअरबॅग फुगवायची का, आणि बेल्ट झटक्यात आवळणारी छोटी स्फोटक यंत्रणा, म्हणजे प्रीटेन्शनर, चालवायची का. चुकीची माहिती मिळाली तर निर्णयही चुकतो.

ही चूक दोन्ही बाजूंनी होते. डिसेंबर २०२३मध्ये टोयोटाने अमेरिकेतल्या सुमारे १० लाख गाड्या परत बोलावल्या. शेजारच्या सीटखालच्या सेन्सरमध्ये शॉर्ट सर्किट होऊन, गरज असताना एअरबॅग न उघडण्याचा धोका होता. फेब्रुवारी २०२४मध्ये होंडाने तिथल्याच सुमारे साडेसात लाख गाड्या बोलावल्या. त्यांत सेन्सरला तडा जाऊन, सीटवर लहान मूल असताना जी एअरबॅग बंद राहायला हवी ती उघडण्याचा धोका होता. भाग एकच, पण एका दोषात मोठ्या माणसाचा जीव जाऊ शकतो, दुसऱ्यात लेकराचा.

पन्नास दिवसांत तीन रिकॉल

हे अमेरिकेपुरते नाही. मारुती सुझुकीने डिसेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ या काळात प्रवाशाच्या सुरक्षेशी संबंधित तीन रिकॉल जाहीर केले. पहिला ९,१२५ गाड्यांचा : सियाझ, ब्रेझा, अर्टिगा, एक्सएल६ आणि ग्रँड व्हिटारा. पुढच्या बेल्टची खांद्याजवळची उंची कमी-जास्त करणाऱ्या भागात दोष असण्याची शक्यता होती. दुसरा १७,३६२ गाड्यांचा, एअरबॅग कंट्रोलरसाठी. त्यात अल्टो के१०, एस-प्रेसो, ईको, ब्रेझा, बलेनो आणि ग्रँड व्हिटारा होत्या. क्वचित प्रसंगी एअरबॅग आणि प्रीटेन्शनर दोन्ही चालणार नाहीत, असे कंपनीनेच सांगितले आणि भाग बदलेपर्यंत गाडी वापरू नका, असा सल्ला दिला. तिसरा ११,१७७ ग्रँड व्हिटारांचा, मागच्या बेल्टच्या ब्रॅकेटसाठी.

कंपनी रिकॉल जाहीर करते म्हणजे तिची गाडी वाईट, असा अर्थ आपल्याकडे काढला जातो. तो बरोबर नाही. दोष सापडल्यावर तो जाहीर करून फुकट दुरुस्त करणे हे जबाबदारीचे लक्षण आहे. काळजी करायची ती दोष सापडूनही गप्प बसणाऱ्याची.

कायदा काय म्हणतो?

२०१२पासून आपल्याकडे मोटार कंपन्यांच्या संघटनेची स्वेच्छेने रिकॉल करण्याची संहिता होती. कायद्याचा आधार मिळाला तो २०१९च्या दुरुस्तीने. मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आले. चालक, प्रवासी, रस्त्यावरचे इतर लोक किंवा पर्यावरण यांना धोका करणारा दोष असेल तर केंद्र सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. त्याचे नियम १ एप्रिल २०२१पासून लागू झाले. निर्मितीपासून सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना ते लागू आहेत आणि सक्तीच्या रिकॉलमध्ये कंपनीला १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मालकाला सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. विक्रीच्या प्रमाणात ठरलेल्या संख्येइतक्या तक्रारी आल्या की चौकशीचे चक्र सुरू होते.

इथे मुका बिघाड पुन्हा आडवा येतो. जो दोष मालकाला जाणवतच नाही, त्याची तक्रार तो करणार कशी? म्हणून सेन्सरच्या बाबतीत कंपनीची स्वतःची तपासणी आणि तिने पाठवलेली सूचना याच दोन गोष्टींवर सारी मदार राहते.

पत्र पुण्याला, गाडी अहमदपूरला

सूचना जाते ती कंपनीच्या नोंदीत असलेल्या मालकाला. शोरूममधून गाडी घेतलेल्याचा पत्ता आणि मोबाइल नंबर तिथे असतो. पण मराठवाड्यातल्या अनेक घरांची पहिली चारचाकी जुनी असते. पुण्या-मुंबईत चार-पाच वर्षे वापरलेली गाडी एजंटामार्फत लातूरला येते, तिथून उदगीर, अहमदपूर, लोहा, कंधार, देगलूरला जाते. एमएच १२ किंवा १४ची पाटी तशीच राहते. फॉर्म २९ आणि ३०वर सह्या असतात, पण नाव लावायचे ‘बघू पुढच्या महिन्यात’. नाव लागले तरी कंपनीच्या दप्तरात नवा नंबर जाईलच असे नाही, कारण वॉरंटी संपल्यावर गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न जाता गल्लीतल्या ओळखीच्या गॅरेजला जाते.

रिकॉलचा मेसेज मग पुण्याच्या पहिल्या मालकाला येतो. तो म्हणतो, गाडी तर विकली, आणि मेसेज पुसतो. इकडे त्याच गाडीत तुळजापूर-लातूर-नांदेड महामार्गावर एक कुटुंब लग्नाला निघालेले असते. शेजारच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर मूल. कंपनी, पहिला मालक, एजंट आणि नवा मालक यांपैकी कोणी फसवणूक केली असेलच असे नाही. तरीही सूचना मधेच हरवते.

दुसरी अडचण सीट कव्हरची. नवी गाडी आली की जाड कव्हर हवेच, अशी आपली रीत. ते चढवताना सीट सोडवली जाते, खालचे कनेक्टर काढले जातात. ते नीट बसले नाहीत, किंवा सीट मागे-पुढे सरकताना वायर घासली, तर कारखान्यात निर्दोष असलेला सेन्सरही बिघडतो. सीटमध्येच एअरबॅग असलेल्या गाडीत चुकीचे कव्हर तिचा मार्गही अडवते.

विकत घेतलेला बिघाड

तिसरी गोष्ट सर्वांत विचित्र. कंपनीकडून चुकून झालेला बिघाड सरकार दुरुस्त करायला लावते, आणि तोच बिघाड आपण पैसे देऊन घेतो. बक्कलमध्ये अडकवायची धातूची क्लिप म्हणजे सेन्सरला खोटे सांगण्याचे साधन. मे २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना अशा क्लिपा काढून टाकण्याचा आदेश दिला. १३,११८ जाहिराती हटवल्या गेल्या. अशी क्लिप विम्याच्या दाव्यातही आड येऊ शकते, असे तेव्हा सांगण्यात आले.

ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एकदम थांबली तर बेल्ट नसलेला माणूस त्याच वेगाने पुढे जातो. हा आघात साधारण १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून पडण्याइतका असतो. मांडीवरचे मूल अशा वेळी कोणाच्याही हातांनी धरून राहत नाही. केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२मध्ये बेल्ट न लावलेल्या १६,७१५ जणांचा देशात मृत्यू झाला. त्यांत ८,३८४ चालक होते आणि ८,३३१ प्रवासी, म्हणजे जवळजवळ निम्मे.

मराठवाड्याला हा हिशोब आकड्यांत समजावण्याची गरज नसावी. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला धडक बसली, तेव्हा ते मागच्या सीटवर बेल्टविना होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. बेल्ट न लावता मागे बसलेले दोघे गेले, पुढचे दोघे जखमी होऊन वाचले.

आपल्या हातात काय आहे?

आरसीवर १७ अक्षरी-अंकी चासी नंबर असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉलच्या रकान्यात टाकावा किंवा कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला सांगावा. त्या गाडीवर रिकॉल बाकी आहे का ते कळते, आणि दुरुस्ती फुकट होते, मालक पहिला असो की चौथा. जुनी गाडी घेताना टायर-इंजिनाबरोबर ही चौकशी सौद्याआधीच करावी, नाव लावून घ्यावे आणि सर्व्हिस सेंटरला आपला मोबाइल नंबर नोंदवावा.

चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. तो लागतच नसेल किंवा विझत नसेल, तर दाखवून घ्यावे. एजंटाने मीटर ‘साफ’ करताना दिवाच बंद केला असण्याची शक्यता धरावी. शेजारच्या सीटवर कोणाला तरी बसवून, गाडी सुरू करून, बेल्ट लावून आणि काढून सूचना येते का ते पाहावे. दोन मिनिटांचे काम आहे. बक्कलमध्ये क्लिप सापडली तर काढून फेकावी.

एक काम परिवहन कार्यालयांनीही करण्यासारखे आहे. नांदेड किंवा लातूरच्या कार्यालयात नाव बदलाचा अर्ज येतो, तेव्हा चासी नंबर समोरच असतो. त्या नंबरावर रिकॉल बाकी असल्यास तिथेच अर्जदाराला लेखी कळवले, तर पुण्याला हरवलेले पत्र अहमदपूरला पोचेल. वाहनांची नोंद सरकारकडे आहे, रिकॉलची यादी कंपनीकडे आहे. दोन्ही जोडायला नवा कायदा लागेल असे वाटत नाही. या दोन नोंदी एकमेकींना भेटत नाहीत, तोवर चौकशी करण्याचे काम मात्र आपल्यालाच करावे लागेल.