नीलगिरीची बाटली आणि तिच्यावरचे शब्द

पावसाळी सर्दी सुरू झाली की कसबा बावड्यातील घराघरांत नीलगिरीची बाटली बाहेर निघते. रुमालावर दोन थेंब, दुखऱ्या दाढेत लवंगतेलाचा बोळा, तान्ह्या बाळाच्या उशाशी कापराची पुरचुंडी. या उपायांमागे पिढ्यांचा अनुभव आहे. पण बाटलीवरच्या शब्दांचा अर्थ ठाऊक नसेल, तर तेच अंगाशी येऊ शकतात.

‘इसेन्शियल ऑइल’ म्हणजे शरीराला आवश्यक तेल नव्हे. हा शब्द ‘इसेन्स’, म्हणजे अर्क, यावरून आला. पाने किंवा कळ्यांतून वाफ सोडून ती थंड केली की हे तेल वेगळे होते. ढीगभर पाल्यातून थोडेसेच मिळते; म्हणूनच ते इतके तीव्र असते.

त्याचे गुण सांगणारे शब्दही नेमके आहेत. ‘वातानुलोमक’ म्हणजे पोटातला वायू सरकवणारे. ओवा आणि बडीशेप यांत मोडतात. ‘कफोत्सारक’ म्हणजे कफ सुटा करणारे. नीलगिरीतील सिनिऑलचा हा गुण. ‘वेदनाशामक’ म्हणजे दुखणे कमी करणारे; लवंगेतील युजेनॉल दंतवैद्य आजही झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दाढेत तात्पुरते भरतात. पण युजेनॉल दुखणे थांबवते, कीड नव्हे.

‘जंतुनाशक’ हा शब्दही जपून वाचावा. ओव्यातील थायमॉलने प्रयोगशाळेत जंतू मरतात, याचा अर्थ तेल पिऊन शरीरातला संसर्ग बरा होतो असा नाही. मेंथॉलने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, ते थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंमुळे. नाकातली सूज तशीच राहते. ‘थेरप्युटिक ग्रेड’ ही तर सरकारी प्रतवारीच नाही, तो विक्रेत्यांचा शब्द आहे.

‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, हा समज सर्वांत महागात पडतो. कापूर आणि नीलगिरी दोन्ही मेंदूला उत्तेजित करतात. कापराचा लहानसा तुकडा किंवा चमचाभर नीलगिरी तेल पोटात गेले, तर लहान मुलाला काही मिनिटांत आकडी येऊ शकते. फिटचा त्रास असलेल्या मोठ्या माणसांनाही ही तेले हुंगून किंवा चोळून झटके आल्याच्या नोंदी भारतातील डॉक्टरांनी केल्या आहेत.

म्हणून दोन वर्षांखालील बाळाच्या नाकाला, छातीला किंवा कपड्यांना कापूर वा मेंथॉल लावू नये. अशी तेले पाजू नयेत. त्वचेवर लावायची तर खोबरेल तेलात पातळ करावीत आणि बाटल्या खोकल्याच्या औषधाशेजारी ठेवू नयेत. घाईत चमचा चुकतो. मुलाने तेल प्यायले तर उलटी काढायला लावू नये. बाटली सोबत घेऊन बावड्यातील सेवा रुग्णालय किंवा सीपीआर, जे जवळ असेल ते, तातडीने गाठावे.