वेग आणि सोबत

नागपुरात मिहानच्या बाजूने जाणाऱ्या वर्धा रोडने दक्षिणेला निघाले की साधारण ५०० किलोमीटरवर हैदराबाद येते. नागपूरहून मुंबई याहून कितीतरी लांब. तरी हिंदी पडद्यावरची जी मुंबई आपल्याला ओळखीची वाटते, पावसाने गळणारी, चाळींच्या जिन्यांत घुसमटलेली, जिथला गुंडही घरी बायकोशी भांडतो, ती घडवण्यात या हैदराबादच्या एका माणसाचा मोठा वाटा आहे. रामगोपाल वर्मा हे शिक्षणाने स्थापत्य अभियंता. हैदराबादमध्ये त्यांनी व्हिडिओ कॅसेट भाड्याने देण्याचे दुकान चालवले आणि १९८९मध्ये ‘शिवा’ हा तेलुगू चित्रपट घेऊन ते थेट दिग्दर्शक म्हणून उभे राहिले. तेव्हापासून तेलुगू आणि हिंदीत मिळून त्यांनी डझनावारी चित्रपट केले. याउलट नागपूरचे राजकुमार हिरानी. २००३च्या ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’पासून २०२३च्या ‘डंकी’पर्यंत वीस वर्षांत त्यांचे चित्रपट सहा. या दोघांना शेजारी ठेवले की निष्कर्ष सहज निघतो: कमी करणारा दर्जा राखतो, भाराभर करणारा तो गमावतो. वर्मांच्या कारकिर्दीबद्दल हेच सर्रास बोलले जाते. मला हे निदान चुकीचे वाटते.

कारण वर्मा पहिल्यापासूनच वेगाने काम करत होते. १९९२मध्ये ‘रात’ आला आणि ‘द्रोही’ही आला. १९९९ या एका वर्षात त्यांनी हिंदीत ‘कौन’ आणि ‘मस्त’, तेलुगूत ‘प्रेमकथा’ दिग्दर्शित केले, शिवाय ‘शूल’ची निर्मिती केली. ‘शूल’ला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वर्मांच्या कामाचा सर्वांत सकस काळ हाच. शिवाय ते ज्या तेलुगू चित्रसृष्टीतून आले, तिथे एका वर्षात अनेक चित्रपट करणे कमीपणाचे मानले जात नाही. दासरी नारायण राव यांनी सुमारे दीडशे चित्रपट दिग्दर्शित केले आणि तरी त्यांना तिथे गुरूचा मान होता. तेव्हा भरपूर काम करणे हा दोष धरला, तर वर्मांचे उत्तम चित्रपटही त्याच दोषातून जन्मले असे म्हणावे लागेल.

मग बदलले काय? त्या चित्रपटांच्या श्रेयनामावल्या पाहिल्या की उत्तर मिळते. १९९८च्या ‘सत्या’चे लेखन सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप यांचे, गाणी विशाल भारद्वाज यांची, पार्श्वसंगीत संदीप चौटा यांचे. मनोज बाजपेयी यांना वर्मांनी आधी ‘दौड’मध्ये घेतले होते, ‘सत्या’त त्यांना भिकू म्हात्रे हा गुंड साकारायला मिळाला आणि त्या भूमिकेने राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. उर्मिला मातोंडकर वर्मांच्या ‘रंगीला’च्या आधीपासून त्यांच्या तेलुगू चित्रपटांत काम करत होत्या. २००२च्या ‘कंपनी’चे लेखन जयदीप साहनी यांचे. २००४मध्ये वर्मांच्या निर्मितीसंस्थेतून श्रीराम राघवन यांचा ‘एक हसीना थी’ आला आणि शिमित अमीन यांचा ‘अब तक छप्पन’ही आला. दोघांचेही ते पहिले चित्रपट. ‘अब तक छप्पन’मधला नाना पाटेकरांचा पोलीस अधिकारी साधू आगाशे मराठी प्रेक्षक अजून विसरलेला नाही. घाई वर्मांची होती, पण त्या घाईत साथ देणारी माणसे स्वतंत्र डोक्याची आणि स्वतःचे काही सांगू पाहणारी होती.

यावर कोणी विचारेल, श्रेय एवढ्या जणांत वाटले तर वर्मांचे उरले काय? उरते ते फार मोठे आहे. नाव नसलेल्या माणसातली ताकद ओळखणे, मोठा स्टार नसताना चित्रपट उभा करणे, ‘कौन’सारखा मोजक्या पात्रांचा, गाणी नसलेला चित्रपट हिंदीत आणण्याची हिंमत करणे हे दिग्दर्शकाचेच काम. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: वर्मांनी गुंडगिरीला आकर्षक केले आणि मराठी आडनावे गुन्ह्याला चिकटवली. ‘सत्या’बाबत मला तो पटत नाही. तिथे गुंडगिरीतल्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला मरणच येते आणि भिकूचे घर उजाड होते. त्यात मिरवण्यासारखे काही नाही. ‘सरकार’बाबत मात्र आक्षेपात तथ्य आहे. ‘द गॉडफादर’ला वंदन करून सुरू होणाऱ्या या २००५च्या चित्रपटात नायक सुभाष नागरेच्या कायद्याबाहेरच्या सत्तेकडे कॅमेरा आदराने पाहतो. तिला प्रश्न विचारणारा आवाज त्या कथेत फार क्षीण आहे.

हा विरोधी आवाज पुढे वर्मांच्या कामातूनही नाहीसा होत गेला, हे माझे म्हणणे. सोबती आपापल्या वाटांनी गेले. २००७मध्ये ‘शोले’ पुन्हा करू पाहणारा ‘राम गोपाल वर्मा की आग’ आला. दिग्दर्शकाचे नावच शीर्षकात असलेला तो चित्रपट सपाटून पडला. नंतर डिजिटल कॅमेरे स्वस्त झाले आणि माणसांची गरजच आटली. २०११चा तेलुगू ‘दोंगला मुठा’ मोजक्या तंत्रज्ञांच्या जोरावर पाच दिवसांत चित्रित झाला. प्रयोग म्हणून तो धाडसी होता. पण सेटवरची माणसे कमी होतात, तेव्हा ‘हे जमलेले नाही’ असे सांगणारेही कमी होतात. प्रेक्षकांची आवड बदलली म्हणून वर्मा मागे पडले, असाही युक्तिवाद होतो. तो टिकत नाही, कारण कश्यप आणि राघवन यांनी त्याच प्रेक्षकांसमोर पुढेही आपले स्थान टिकवले. जानेवारी २०२५मध्ये ‘सत्या’ पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा वर्मांनीच जाहीरपणे लिहिले की यश आणि अहंकार डोक्यात गेला आणि त्या चित्रपटाने घालून दिलेला मापदंड आपण पाळला नाही.

चित्रपट करणे आता पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. फोनवर चित्रण करून नागपुरात किंवा चंद्रपुरात बसलेला तरुणही आज चित्रपट पुरा करू शकतो. भरपूर काम करण्याची भीती त्याने बाळगू नये, वर्मांच्या कारकिर्दीतून ती उमेद तर घ्यावीच. पण पटकथा वाचून तोंडावर नाही म्हणू शकेल असा एक तरी माणूस प्रत्येक चित्रपटात सोबत ठेवावा आणि त्याचे ऐकण्यासाठी वेळ राखून ठेवावा. ज्या वर्षांत वर्मांकडे अशी माणसे होती, त्या वर्षांत त्यांचा वेग हीच त्यांची ताकद होती.