व्यालेल्या गाईजवळ वावरतांना

गाय म्हटली म्हणजे गरीब जनावर, अशी आपल्याकडे सर्वांची समजूत आहे, व वर्षांतील बहुतेक दिवस ती खरीहि ठरते. मुलें तिच्या पोटाखालून जातात, बायका तिच्या तोंडाशीं वाकून गव्हाण झाडतात, आणि कोणास कांहीं होत नाहीं. परंतु व्याल्यानंतरचे पहिले आठ-दहा दिवस तीच गाय निराळी असते. मारक्या गाईजवळ जातांना मनुष्य सावध असतो. गरीब गाईजवळ तो निर्धास्तपणें पाठ फिरवून खालीं वाकतो, व घात होतो तो तेथेंच.

अमेरिकेंत मोकळ्या कुरणांवर शेंकडों गाई वसंताच्या सुमारास एकदम वितात, त्यामुळें तिकडे या गोष्टीचा विचार बराच झालेला आहे. आयोवा, कॅन्सास, मिसुरी व नेब्रास्का या चार राज्यांत गुरांमुळें मृत्यु पावलेल्या २१ माणसांची चौकशी होऊन ती २००९ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं १० माणसें वळूंनीं व ६ एकट्या गाईंनीं मारलीं होतीं. उरलेलीं ५ एकाहून अधिक गुरांच्या तडाख्यांत सांपडलीं होतीं. जनावर पूर्वीपासून मारकें म्हणून ठाऊक होतें, असे प्रसंग त्यांत सुमारें एकतृतीयांशच निघाले. आपल्याकडे विण्याचा असा एक हंगाम नसतो, गाई बारा महिने वितात. त्यामुळें सावधगिरीचाहि हंगाम ठरत नाहीं, आणि ती विसरली जाते.

मी महसूल खात्यांत कारकून असतां, १९९७ सालच्या हिवाळ्यांत, माणदेशांतील एका गांवीं पीकपाहणीच्या कामास गेलों होतों. ज्वारी कंबरेइतकी झाली होती. गांवचा कोतवाल बांधावरून दोन पावलें पुढें चालला होता. बोरीच्या झुडपाखालीं तीन-चार दिवसांचें खिलार वासरूं अंग चोरून निजलें होतें, तें आम्हां कोणासच दिसलें नाहीं. गाय पन्नासएक पावलांवर पडीत रानांत शांतपणें चरत होती. ती मीं पाहिली होती, व पाहून निश्चिंत झालों होतों. वासरूं दचकून उठलें व ओरडलें मात्र, कोतवालास वळावयासहि सवड मिळाली नाहीं. गाईनें त्यास पाडलें आणि पडल्यावर डोक्यानें दाबून धरलें. त्याच्या तीन बरगड्या मोडल्या. मालक धांवत आला, पण त्यानें गाईला हात लावला नाहीं. त्यानें वासराला ढकलीत दहा-पंधरा पावलें दूर नेलें, तशी गाय माणसाला सोडून आपण होऊन त्याच्या मागें गेली. नंतर तो मला म्हणाला, “भाऊसाहेब, गाय कुठं हाय ह्ये बघून काय उपेग? वासरू कुठं हाय त्ये बघाया पायजे.”

या विषयावर पुढें मीं जें वाचलें व घरच्या गोठ्यांत जें पाहिलें, त्या सर्वाचें सार या एका वाक्यांत आहे असें मला वाटतें. हरिणीप्रमाणेंच गाईहि पहिले कांहीं दिवस वासराला आडोशास निजवून आपण दूर चरावयास जाते. म्हणून कास भरलेली गाय रानांत एकटी चरतांना दिसली, तर वासरूं जवळपास कोठें तरी दडलेलें आहे असेंच धरून चालावें. तें दिसेपर्यंत पिकांत, झुडपांत किंवा ओढ्याच्या कांठच्या गवतांत शिरूं नये. गाय व वासरूं यांच्या मधून तर कधींच जाऊं नये, मग वाट कितीहि लांबची पडो.

याचें कारण तिच्या शरीरांतच आहे. प्रसूतीच्या वेळीं ऑक्सिटोसिन नांवाचा एक द्रव रक्तांत उतरतो. गर्भाशयास कळा आणणें, कासेंत पान्हा उतरविणें व वासराविषयीं ओढ उत्पन्न करणें या तिन्ही कामांत त्याचा हात असतो. गाय वासराला चाटते तेव्हां त्याचा वास तिच्या डोक्यांत कायमचा बसतो. या पहिल्या घटकांत तिला अगदीं एकटें सोडावें. शिवाय तिचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळें तिला चोहोंकडचें दिसतें, पण अगदीं शेपटीमागचें दिसत नाहीं व कपाळासमोर जवळ असलेलें स्पष्ट दिसत नाहीं. मागून मुकाट्यानें येणारा माणूस तिला एकाएकीं अंगाशीं आलेला दिसतो. नेहमीं खांद्याच्या बाजूनें, दुरूनच तिला नांवानें हांक देत जावें.

सर्व जातींचा स्वभाव सारखा नसतो. खिलार गाय दुधापेक्षां बैलांसाठीं पाळली जाते. तिला माणसाचा हात कमी लागतो, व परक्याविषयीं ती मुळांतच साशंक असते. अकोले-इगतपुरीकडील डांगी गाई रानांतच चरतात व पुष्कळदां तेथेंच वितात, आणि बिबट्याचें भय असल्यामुळें तिथें त्यांचे कान सदैव उभे असतात. तसलें वासरूं घरीं आणावयाचें असेल तर दोघांनीं जावें. एकानें वासरूं उचलावें, दुसऱ्यानें गाईवर नजर ठेवावी, आणि वासरूं तिला दिसत राहील अशा बेतानें चालावें. संकरित होल्स्टीन गाय पुष्कळ शांत असते हें खरें, परंतु तिचें वजन साडेचारशें-पांचशें किलो असतें. तिनें रागानें नव्हे तर नुसत्या घाबरेपणानें अंग टाकलें तरी भिंतीशीं उभा असलेला माणूस चिरडतो.

गाय धांवून येण्यापूर्वीं बहुधा इशारा देते. ती चरणें थांबविते, मान वर करून एकटक पाहते. मग डोकें खालीं घालते, फुरफुरते, पुढच्या खुरानें माती उकरते, किंवा आडवी उभी राहून आपलें अंग मोठें करून दाखविते. मान वर झाली त्याच क्षणीं मागें फिरावें, तेंहि पाठ न दाखवितां, हळू हळू, व वासरापासून दूर जाणाऱ्या दिशेनें. घाबरून वासराच्या बाजूस पळणारा माणूस तिला हल्लेखोरच वाटतो. ती आलीच तर गाडी, झाड, कडब्याची गंज, जें असेल तें मध्यें घ्यावें. मोकळ्या रानांत तिच्यापुढें पळून कोणी सुटत नाहीं. अंगावरचें घोंगडें तिच्या तोंडापुढें टाकलें तर दोन क्षण मिळतात, व तेवढे पुष्कळदां पुरतात. पडलाच तर दोन्ही हातांनीं डोकें झांकून गडगडत बांधाच्या किंवा गाडीच्या आडोशास जावें. बरोबर कुत्रें असूं नये. गाईच्या लेखीं कुत्रा व लांडगा एकच, आणि भ्यालेलें कुत्रें धन्याच्या पायांशीं येतें तेव्हां गाईलाहि आपल्या मागोमाग घेऊन येतें.

आतां गोठ्याविषयीं. गाय सुमारें २८० दिवसांनीं विते; दिवस भरत आले म्हणजे तिला दावणीवरून काढून निराळ्या कोरड्या जागेंत ठेवावें. त्या जागेंत एक भक्कम आडवा बांबू असा बसवावा कीं, माणसाला त्याच्या खालून चटकन् निघतां येईल. आपण सदैव दाराच्या बाजूस उभें राहावें. कोपऱ्याच्या बाजूस वासरूं असेल तर तिकडे एकट्यानें जाऊं नये. गाय बांधावी ती एका हिसक्यानें सुटेल अशा गांठीनें. पाण्याची पिशवी फुटून दोन तास झाले व काम पुढें सरकलें नाहीं, तर पशुवैद्यास बोलवावें. स्वतः ओढाताण करूं नये, कारण कळांत आडवी पडलेली गाय केव्हां उसळून उठेल याचा नेम नसतो. नाळेस टिंक्चर आयोडीन लावावयाचें तेव्हां एकानें गाईची म्होरकी धरावी, व दुसऱ्यानें वासरूं बांबूच्या अलीकडे घेऊन काम उरकावें. वार उघड्या हातांनीं उचलूं नये. सांसर्गिक गर्भपाताचे जंतू तिच्यांत असले तर माणसालाहि दीर्घकाळचा ताप जडतो. रबरी हातमोजे घालून ती चुना टाकून खोल पुरावी.

देशी गाय वासराशिवाय पान्हा सोडीत नाहीं, त्यामुळें दोन्ही वेळां वासरूं सोडणें व ओढून बाजूस बांधणें आपणांस चुकत नाहीं. पुष्कळसे अपघात या ओढण्यांतच होतात. वासरूं तिच्या मागून नेऊं नये; तिच्या तोंडासमोर, तिला हुंगतां व चाटतां येईल असें बांधावें. पहिले दहा दिवस धार काढणारा माणूस एकच असावा. चीक प्रथम वासराचा: पहिल्या एक-दोन तासांत त्यानें पोटभर प्यावें, व पहिल्या दिवसांत त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक त्याच्या पोटांत जावा. उरलेल्याच्या खरवसासाठीं भांडीं घेऊन शेजारच्या बायका-मुलें गोठ्याशीं जमतात. या गोड गोष्टीला माझा विरोध नाहीं, पण वाटप घराच्या ओट्यावर करावें.

एक गोष्ट मात्र निराळी ओळखावी. आईपणाचा राग वासरापुरता असतो. वासरूं तिच्याजवळ सोडून माणूस दूर झाला कीं तो ओसरतो. वासराकडे न पाहतां गाय वाटेल त्यावर धांवत असेल, तोंडांतून लाळ गळत असेल, आवाज घोगरा होऊन ती सारखी हंबरत असेल, तर तिला पिसाळलेलें जनावर चावल्याचा संशय घ्यावा. घशांत कांहीं अडकलें म्हणून तिच्या तोंडांत हात घालूं नये. तिला दुरूनच बंदिस्त करून पशुवैद्यास कळवावें, आणि ज्यांच्या जखमेस लाळ लागली असेल त्यांनीं जखम साबणानें खूप वेळ धुऊन त्याच दिवशीं दवाखान्यांत लस टोंचून घ्यावी.

माझ्या घरीं गाय व्याली कीं गोठ्याच्या दारास एक लाल चिंधी बांधतात. गडी, पाहुणे, पोरें, वीज-मीटर पाहणारा, कोणीहि आला तरी तिला पाहून बाहेरून हांक मारतो. दहा दिवसांनीं ती सोडतात. पहिल्या वेताची गाय असेल तर आणखी आठवडाभर राहूं देतात.