निधी नाही, ही सबब चालणार नाही

खासगी मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. तिथून माथेरानच्या बाजारपेठेपर्यंत पायी, घोड्यावर, छोट्या रेल्वेगाडीनं, नाहीतर हातरिक्षानं. हातरिक्षात एक जण पुढून ओढणार आणि चढावर बाकीचे मागून रेटणार, तेही लाल मातीच्या चिखलातून. एकविसाव्या शतकात हे लाजिरवाणंच.

२०२२ च्या डिसेंबरात इथं ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली. पण २०११ च्या जनगणनेत अवघी ४,३९३ वस्ती असलेल्या गावानं वाहनांसाठी पैसा उभा करायचा कुठून? केंद्राच्या २०२३ मधल्या पीएम ई-बस सेवा योजनेचा भर तीन लाखांवरच्या शहरांवर. लहान गावाला राज्याच्याच दारी जावं लागतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नेमकं इथंच बोट ठेवलं. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, गुजरातेतल्या केवडियाप्रमाणे राज्यानं ई-रिक्षा विकत घेऊन त्या भाड्यानं द्याव्यात आणि निधी नाही ही सबब सांगू नये, असा आदेश झाला.

या ई-रिक्षांवर पहिला हक्क हातरिक्षा ओढणाऱ्यांचा. उरलेल्या रिक्षा आदिवासी महिला आणि इतर गरजूंना मिळू शकतील.