क्रेडिट कार्डाचें कर्ज आणि बेताची मिळकत

खडकीच्या बाजारालगत आमचें बिऱ्हाड आहे. गेल्या ज्येष्ठांत एका सायंकाळीं खेड तालुक्यांतील आमचे एक जुने स्नेही आपल्या मुलास घेऊन आले. पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या, चहा झाला, नंतर त्यांनीं पिशवींतून सात-बाराचा उतारा काढून आमच्यापुढें ठेविला व म्हणाले, "भाऊसाहेब, एका एकराचें खरेदीखत करून द्यायचें आहे. फेरफाराला किती दिवस लागतील, तेवढें सांगा." मुलकी खात्यांत जन्म फेरफाराच्या कागदांत गेल्यामुळें हा प्रश्न आम्हांस नवा नव्हता, परंतु चार एकरांच्या धन्यानें एक एकर कां द्यावा, हें विचारल्यावांचून आमच्यानें राहवलें नाहीं. मुलगा खालीं मान घालून बसला होता.

मुलगा येथील एका कारखान्यांत कामास असून त्याच्या हातीं दरमहा २४ हजार रुपये पडतात. त्याच्याजवळ क्रेडिट कार्डें दोन. एकावर ७२ हजार व दुसऱ्यावर २८ हजार, मिळून बरोबर एक लाख रुपयांचें देणें झालें होतें आणि दोहोंची मर्यादा संपली होती. हें सर्व चैनीनें झालें असें कोणीं समजूं नये. आईच्या दवाखान्याचा खर्च, दोन हंगामांचें बीं व खत, विहिरीवरील मोटर जळाली तेव्हां कार्डावर काढलेली रोकड, असा तो हिशेब होता. एक किंमती मोबाइलही त्यांत होता, तो त्यानें आपण होऊनच सांगितला. हप्ता त्यानें कधीं चुकविला नव्हता. "काका, बँक सांगते तितके पैसे मी दरमहा भरतों; तरी कर्ज हालत नाहीं," असें तो म्हणाला.

बँक सांगते तितके, यांतच सगळें मर्म आहे. मासिक हिशेबपत्रकांत दोन आंकडे असतात: एक एकूण देण्याचा व दुसरा किमान रकमेचा. किमान रक्कम भरली म्हणजे दंड लागत नाहीं, इतकाच तिचा उपयोग. त्याच्या कार्डांवर व्याज दरमहा शेंकडा साडेतीन होतें व किमान रक्कम शेंकडा पांच. आम्हीं कागद घेतला. लाखाचें एका महिन्याचें व्याज ३,५०० रुपये. त्या व्याजावर शेंकडा १८ प्रमाणें जीएसटी ६३० रुपये. एकूण ४,१३० रुपये. भरणा ५,००० रुपयांचा. म्हणजे मुद्दलांत गेले अवघे ८७० रुपये! वर्षाचा दर करासह साडेएकोणपन्नास टक्क्यांच्या घरांत जातो. शिवाय मुद्दल जसें घटतें तशी किमान रक्कमही घटत जाते. याच रीतीनें तो भरीत राहिला असता व कार्डावर एक पैचीही नवी खरेदी केली नसती, तरी लाखाचे पन्नास हजार होण्यास सुमारें ८० महिने लागले असते, आणि तोंवर त्याच्या खिशांतून २ लाख ८९ हजार रुपये गेले असते. हा आंकडा ऐकून वडिलांनीं तो पुन्हा मांडून दाखविण्यास सांगितलें. आम्हीं मांडला.

आतां किमान रक्कम घटत गेली तरी आपण ५,००० रुपयेच नेटानें भरीत राहिलों तर तेंच कर्ज ४४ महिन्यांत संपतें. ७,००० भरले तर सुमारें २२ महिन्यांतच संपतें. दोन हजारांनीं काळ निम्म्यावर येतो, याचें कारण पहिले ४,१३० रुपये व्याजाच्या तोंडांत जातातच; त्यांवरचा प्रत्येक रुपया मात्र मुद्दलास लागतो. दुसरी एक गोष्ट फार थोड्यांस माहीत असते. मागील बाकी पूर्ण फिटली नसेल तर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत राहत नाहीं, खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होतें. रोख काढली तर बाकी असो वा नसो, त्याच दिवसापासून व्याज, व वर काढण्याची निराळी फी. मोटरीच्या कामाचे पैसे त्यानें असेच काढले होते.

व्याजाचा दर इतका चढा कसा, असें वडिलांनीं विचारलें. दामदुपटीचा जुना नियम, म्हणजे एका वेळीं मुद्दलापेक्षां अधिक व्याज मागूं नये हा, त्यांच्या कानावर होता. परंतु बँकेचें व्याज जबर आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयास तो व्यवहार उकरून काढतां येऊं नये, असें बँकिंग कायद्यांत १९८४ सालीं घातलेलें २१-अ कलम आहे. कार्डाच्या थकबाकीवर वर्षास शेंकडा ३० हून अधिक व्याज घेऊं नये असा ग्राहक आयोगाचा २००८ सालचा निर्णय होता. तोही सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२४ मध्यें रद्द केला. तेव्हां त्या वाटेनें सुटका नाहीं.

येथें आमच्याच जिल्ह्यांतील एक जुनी हकीकत आठवते. १२ मे १८७५ रोजीं त्या वेळच्या भिमथडी तालुक्यांतील सुपें गांवीं, जें आज बारामती तालुक्यांत आहे, कुणब्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. पुढें हें लोण पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पोंचलें. लोकांचा रोख मुख्यतः खतें, रोखे व हिशेबाच्या वह्या जाळण्यावर होता; कारण त्या वह्यांत काय लिहिलें आहे हें अंगठा देणारास कधींच कळत नसे. सरकारनें चौकशी नेमली व १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठीं दक्षिणी शेतकऱ्यांच्या साह्याचा कायदा झाला. त्यानें रोख्यामागचा सगळा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास दिला, आणि सावकारानें पावती व हिशेब द्यावा असें ठरविलें. ज्या हिशेबासाठीं आमच्या आजे-पणज्यांनीं तुरुंग पत्करला, तो हिशेब आज दर महिन्यास आपण होऊन मोबाइलवर येतो. या मुलानें तो दोन वर्षांत एकदांही उघडला नव्हता. त्यास आम्हीं रागेंच भरलों.

आतां खरेदीखताकडे वळूं. गांवांतील एक गृहस्थ दरमहा शेंकडा दोन दरानें लाख रुपये द्यावयास तयार होते. अट एवढीच कीं, एका एकराचें खरेदीखत करून द्यावें, पैसे फिटले कीं जमीन परत. आंकड्यांनीं पाहतां वडिलांचा बेत वेडगळ नव्हता. चारांच्या ठिकाणीं दोन टक्के. पण कार्डाचें कर्ज बिनतारणी असतें. त्याचा सात-बारावर बोजा नसतो, आणि तें मुलाचें आहे, वडिलांचें नाहीं. जें कर्ज जमिनीस शिवलेलें नाहीं, तें आपल्या हातानें जमिनीवर आणून बसवायचें, व तेंही गहाण न म्हणतां विक्री म्हणून! असे 'परत देऊं' म्हटलेले फेरफार आम्हीं पुष्कळ पाहिले. परतीचे फार थोडे पाहिले. विनापरवाना सावकारीत गेलेली जमीन परत देवविण्याचा अधिकार २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमानें जिल्हा निबंधकांस आहे खरा. परंतु तेथें तें व्यवहार सावकारीचा होता असें सिद्ध करावें लागतें.

पीककर्जांतून कार्ड फेडावें काय, हाही प्रश्न निघाला. किसान क्रेडिट कार्डाचें तीन लाखांपर्यंतचें पीककर्ज सात टक्क्यांनीं मिळतें व वेळेवर फेडल्यास तीन टक्क्यांची सूट मिळून चारच टक्के पडतात. राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेनें तेंही उतरतें. पण तो पैसा पिकांत घातला तर पिकांतून परत येतो. कार्डांत घातला तर मुदतीस भरावयास कोठून आणणार? मुदत चुकली कीं सवलत गेली.

मग वाट कोणती? विचारपूस करतां असें निघालें कीं, कारखान्यांत पगारदारांची सहकारी पतसंस्था आहे व मुलगा तिचा सभासद आहे. तेथें वर्षास १२ टक्क्यांनीं कर्ज मिळतें. मग तिच्याकडे कां गेला नाहींस? तर दोन जामीन लागतात, आणि चार लोकांत गोष्ट फुटते. कार्डाचें कर्ज कोणास कळत नाहीं, हीच त्याची गोडी! लाख रुपये, १२ टक्के, २४ हप्ते: दरमहा ४,७०७ रुपये. जो ५,००० चा भरणा तो करीतच होता त्याहून हें कमी, आणि दोन वर्षांचें एकूण व्याज १३ हजारांच्या आंत. पतसंस्था नसती तर आम्हीं सोनें तारण ठेवण्यास सांगितलें असतें. मात्र तें सुनेचें असल्यास तिच्या संमतीवांचून त्यास हात लावूं नये.

ज्यांस यांपैकीं कांहींच साधत नाहीं त्यांनीं बँकेसच पत्र लिहून बाकीचे कमी व्याजाचे हप्ते बांधून मागावे. थोडक्यांत तडजोड करून घेतल्यास पतइतिहासांत तशी नोंद राहते व पुढें कोणतेंही कर्ज मागतांना ती आड येते. वसुलीवाल्यांनीं सकाळीं आठच्या पूर्वीं व सायंकाळीं सातनंतर फोन करूं नये असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. दावा होऊन हुकूमनामा झाला तरी पगारांतील पहिले हजार रुपये व उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहींत. शेतकऱ्याचीं औतें, जनावरें व बियाणें यांसही दिवाणी कायद्याच्या ६० व्या कलमाचें संरक्षण आहे. नुसतें कर्ज थकलें म्हणून पोलीस येत नाहींत.

मुलानें दोन सोबत्यांस जामीन घेतलें. ते दोघेही कार्डांच्या देण्यांत आहेत हें त्यास त्या वेळीं कळलें. आषाढांत दोन्ही कार्डें फिटलीं. फिटल्यावर लेखी मागणी करून कार्ड बंद करवून घ्यावें. सात कामाच्या दिवसांत बँकेनें तें बंद न केल्यास दिवसास ५०० रुपये ग्राहकास द्यावे लागतात. एक कार्ड चार दिवसांत बंद झालें. दुसऱ्या बँकेकडून 'मर्यादा वाढवून देतों' असे फोन येत राहिले. नियमाचा आंकडा घालून पत्र लिहिल्यावर तेंही बंद झालें. दरमहा सात हजार बाजूस काढण्याचें त्यानें कबूल केलें होतें. हप्ता जाऊन उरणारे सुमारें २,३०० रुपये तो पोस्टांतील बचत खात्यांत टाकतो, म्हणजे येत्या मृगांत बियाण्यासाठीं वडिलांना हात पसरावा लागणार नाहीं. आजवर आठ हप्ते गेले. सुमारें ६९ हजार बाकी आहे. सात-बाराचा तो उतारा स्नेही आमच्याकडेच विसरून गेले होते, तो गेल्या रविवारीं येऊन घेऊन गेले.