लपलेल्या ओळी आणि उधारीचा हिशेब

उधारीची वही संगणकावर, एक्सेलमध्ये ठेवणाऱ्या व्यापारी व कारागीर बांधवांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पडद्यावर ओळ दिसत नाही, म्हणजे ती हिशेबातून गेली असे नाही.

समजा, गोंदियाच्या एका तांदूळ व्यापाऱ्याच्या यादीत 'डी' रकान्यात बाकी लिहिली आहे. आमगावच्या तीन गिऱ्हाइकांकडे 4,200, 1,850 व 950 रुपये, तर तिरोड्याच्या एकाकडे 6,500 रुपये येणे आहे. मधली तिरोड्याची ओळ 'हाइड' करून लपवली. आमगावची बाकी 7,000 रुपये, पण साधे 'सम' सूत्र 13,500 दाखवते. पुढे आमगावची वसुली झाली म्हणून वरपासून खालपर्यंत रकाना निवडून पुसला, तर तिरोड्याचे 6,500 रुपयेही पुसले जातात. हक्काचे येणे वहीतून जाते आणि कळतही नाही.

बेरजेसाठी 'सबटोटल' सूत्र वापरावे व त्यात पहिला आकडा 109 घालावा. मग लपलेल्या ओळी धरल्या जात नाहीत. पुसण्यापूर्वी किंवा नक्कल करण्यापूर्वी रकाना निवडून 'आल्ट' व अर्धविरामाची कळ एकत्र दाबावी. फक्त दिसणारे सेल निवडले जातात.

हेच काम वारंवार करावे लागत असेल तर मॅक्रो लिहावा. 'आल्ट' व 'एफ 11' दाबून संपादक उघडावा, 'इन्सर्ट'मधून 'मॉड्यूल' घ्यावे आणि मॅक्रोत ही ओळ इंग्रजी अक्षरांत टंकावी:

रेंज("डी2:डी200").स्पेशलसेल्स(12).सिलेक्ट

'रेंज' म्हणजे कोठून कोठपर्यंत पाहायचे. 'स्पेशलसेल्स' म्हणजे त्यातले विशिष्ट सेल. आणि 12 हा 'दिसणारे' यासाठी ठरलेला आकडा. एकेक सेल घेत जाणारा साधा मॅक्रो लपलेल्या सेलवरही काम करतो. म्हणून 'स्पेशलसेल्स' आवश्यक.

तीन सावधगिऱ्या बाळगाव्यात. रेंजमध्ये एकच सेल देऊ नये, नाहीतर एक्सेल सगळ्या वापरलेल्या पानावरचे सेल धरते. एकही सेल दिसत नसेल तर मॅक्रो 1004 क्रमांकाची चूक दाखवून थांबतो. आणि मॅक्रोने पुसलेली रक्कम 'अनडू'ने परत येत नाही. तेव्हा आधी फाइलची एक प्रत वेगळी ठेवावी, मगच मॅक्रो चालवावा.