बैलाची लस, रेड्याची निर्यात

यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या वावरात डवरा ओढणारा बैल परदेशी बाजाराच्या वाटेला कधीच जात नाही. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, आणि गोवंशाच्या मांसाच्या निर्यातीला तर देशभर मनाई आहे. जगात ‘भारतीय बीफ’ म्हणून जे विकलं जातं ते म्हशी-रेड्यांचं मांस. २०२३-२४ मध्ये ते सुमारे १३ लाख टन बाहेर गेलं आणि त्यातून पावणेचार अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम आली. व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त, इंडोनेशिया ही मोठी गिऱ्हाइकं. तरीही आपला बैल या व्यापारात आहेच, कारण लाळ्या-खुरकुताचा विषाणू बैल आणि रेडा असा भेद करत नाही.

या रोगाने मोठं ढोर सहसा मरत नाही. वासरं मात्र दगावतात. तोंडात फोड, तार धरणारी लाळ, खुरांच्या बेचक्यात जखमा. जनावर बरं होतं, पण काहींना पुढे उन्हात धाप लागते, आणि यवतमाळच्या उन्हात धापणारा बैल काय कामाचा? पेरणीच्या तोंडावर जोडीतला एक लंगडला की कोरडवाहू शेतकऱ्याचा हंगाम हुकतो. तो बैलाला लस टोचून घेतो ती याच धास्तीने. मलेशियाच्या गिऱ्हाइकाशी त्याला देणंघेणं नाही, आणि असावं तरी का?

विषाणूचे सात प्रकार आहेत. भारतात सध्या ओ, ए आणि एशिया-१ हे तीन वावरतात. एकाविरुद्धची ताकद दुसऱ्याला चालत नाही, म्हणून लसीत तिन्ही घालावे लागतात. शिवाय दर सहा महिन्यांनी पुन्हा टोचावं लागतं. ११ सप्टेंबर २०१९ ला मथुरेत सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात यासाठी आणि सांसर्गिक गर्भपातासाठी मिळून पाच वर्षांना १३,३४३ कोटी रुपये ठरले. पैसा केंद्राचा, पण लस २ ते ८ अंश तापमानात जपत गोठ्यापर्यंत नेण्याचं काम गुरांच्या दवाखान्यातल्या माणसांचं. या साखळीतलं सर्वांत अवघड काम हेच, आणि त्याचंच कौतुक सर्वांत कमी होतं.

मग लस दिल्यावरही विषाणू फिरतोय का, हे तपासायचं कसं? लस घेतलेल्या जनावराच्या रक्तातही प्रतिपिंडं असतात, रोग होऊन गेलेल्याच्याही. फरक ओळखायची युक्ती सुरेख आहे. विषाणू शरीरात खरोखर वाढला तर काही जादा प्रथिनं तयार होतात; शुद्ध केलेल्या लसीत ती नसतात. त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं सापडली की गावात लस पोचली असली तरी विषाणूही फिरतोय हे कळतं.

एवढं करूनही देशात रोग आहे, म्हणून अनेक श्रीमंत देश आपलं मांस घेत नाहीत. १९९० मध्ये उत्तर भारतात प्रथम नोंदलेला ‘ओ’ प्रकाराचा एक वाण २००१ मध्ये ब्रिटनमध्ये पोचला आणि तिथे साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. हे कोणीही विसरलेलं नाही. बाकीच्यांना माल जातो तो रसायनशास्त्राच्या भरवशावर. कत्तलीनंतर स्नायूंतल्या साखरेचं आम्ल होतं. दोन अंशांहून जास्त तापमानात किमान चोवीस तास ठेवून मांसाचा सामू सहाच्या खाली गेला की त्यातला विषाणू मरतो. हाडांच्या मगजात आणि लसिका ग्रंथींत मात्र हे आम्ल होत नाही. म्हणून हाडं आणि ग्रंथी काढलेलंच मांस बाहेर जातं. ट्रकमध्ये कोंबून, उपाशी, धडपडत आलेल्या जनावराच्या अंगातली साखर वाटेतच संपलेली असते. मग सामू हवा तसा उतरत नाही. जनावराचे हाल करू नयेत, या मताला इतका रोकडा पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

आपल्याला एका रोगावर पूर्ण मात करता आली आहे. १८८९ मध्ये पुण्यात जनावरांच्या रोगांवरची प्रयोगशाळा निघाली, पुढे ती मुक्तेश्वरला गेली. तिथे ज्या बुळकांडीवर पिढ्यान्‌पिढ्या काम झालं, तिच्यातून भारत २००६ मध्ये मुक्त ठरला आणि २०११ मध्ये जग. लाळ्या-खुरकूत तितका सोपा नाही: बरं झालेलं जनावरही काही काळ घशात विषाणू बाळगतं, आणि बाजाराबरोबर तो हिंडतो.

म्हणून बाजारावर नजर आली. २०२२ मध्ये गुरांच्या लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हा राज्यभर बैलबाजार बंद पडले. दगावलेल्या बैलामागे २५ हजार रुपये मदत ठरली. त्यात नवी जोडी येत नाही, हे बाजारात उभं राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. १ जून २०२४ पासून कानात बारा अंकी बिल्ला नसलेलं जनावर महाराष्ट्रात विकता-घेता येत नाही. आता लाळ्या-खुरकूतमुक्त पट्टे तयार करण्यासाठी निवडलेल्या राज्यांत महाराष्ट्र आहे आणि शेजारचं तेलंगणाही. पांढरकवड्याहून पाटणबोरीकडे आणि पुढे पैनगंगेपलीकडे तेलंगणात जनावरांची ये-जा रोजची. तिथे बिल्ल्याचा क्रमांक आणि लसीची तारीख दोन्ही राज्यांच्या नोंदीत जुळली, तरच पट्ट्याच्या नकाशाला अर्थ येईल.